कातळावरील वस्ती

वैशाखातील एखाद्या दुपारी जुन्नरच्या परिसरातील डोंगरांकडे पाहावे. काळ्या दगडाचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. त्यांच्या कडांवर वाळलेल्या गवताची पिवळी रेघ असते आणि मधूनच एखादे निष्पर्ण झाड उभे असते. गावच्या दप्तरात अशा जमिनीची नोंद 'पोटखराबा' या नावाने होते. जेथे नांगर चालत नाही व पीक येत नाही, ती ही जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही नोंद यथार्थच आहे. परंतु ती वाचून येथे कोणाची वस्तीच नाही, असे जर कोणी समजेल तर तो फसेल.

हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडून थिजलेला लाव्हारस होय. त्याच्या उतारावर पावसाचे पाणी ठरत नाही; पडले की ते खाली धावते आणि जाताना मातीही नेते. उरते ती केवळ भेगांतील व खोबणींतील मूठमूठ माती. उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. चार महिने ओल व आठ महिने कोरड, अशा या ठिकाणी झाडे एकमेकांपासून अंतर राखूनच राहतात. दोन झाडांमधली जागा आपल्याला मोकळी दिसते. तथापि खाली भेगाभेगांतून एकेकाची मुळे दूरवर गेलेली असतात व तेवढ्या ओलाव्यावर त्या झाडाचा निर्वाह चालतो.

उघड्या दगडावर सर्वांआधी येते ते दगडफूल. गोडा मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याचीच ही भावंडे. शेवाळ व बुरशी हे दोन जीव एकत्र नांदून दगडफूल बनते. त्याच्या आम्लाने दगड कणाकणाने झिजतो. मग शेवाळी येतात, त्यांच्या पाठोपाठ गवत. यांतील काही गवते फार नवलाची आहेत. ती इतकी वाळतात की हातात घेताच त्यांचा चुरा व्हावा. आणि पहिल्या सरीनंतर थोड्याच अवधीत तीच पाने पुन्हा हिरवी होतात! नवी पालवी फुटणे वेगळे आणि वाळलेले पानच पुन्हा जिवंत होणे वेगळे.

उतारावरील वृक्षांपैकी कांडोळ दुरूनही ओळखू येतो. त्याची साल पांढरी व गुळगुळीत असते. पाने गळल्यावर चांदण्या रात्री तो असा काही दिसतो की, कोणी त्याला भुताचे झाड म्हणतात यात आश्चर्य नाही. खानदेशाकडील कोरड्या टेकड्यांवर त्याच्या सोबतीला सालई असते. दोघेही उन्हाळ्यात पाने टाकून पाण्याचा खर्च थांबवितात. निवडुंगाने तर खोडातच पाण्याचा साठा केलेला असतो. (कुंपणांवर दिसणारा फड्या निवडुंग मात्र येथला नव्हे. तो अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे.)

परंतु या वस्तीतील सर्वांत विलक्षण रहिवासी पाहावयाचा असेल, तर शिवनेरीच्या कड्याकडे दृष्टी वळवावी लागेल. तेथे दगडाच्या फटींतून बोटाएवढी जाड, मांसल खोडे लोंबत असतात. त्यांना पावसाळ्यात हिरवी पाने येतात आणि पावसाळा सरता सरता गडद तांबड्या रंगाची, पिवळे ठिपके असलेली, चांदणीच्या आकाराची फुले उमलतात. ही वनस्पती रुईच्या कुळातील. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया' हे नाव दिले. गव्हर्नरसाहेबांचा त्या फुलाशी काय संबंध, हे विचारण्यात अर्थ नाही! मराठीत तिला 'शिवसुमन' म्हणतात आणि तेच नाव अधिक शोभते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा महाराष्ट्रातील मोजक्या कड्यांखेरीज ती जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही.

तिची जगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, तेव्हा ती इतर झाडांप्रमाणेच दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते व अन्न तयार करते. पाऊस सरला की ती पाने टाकून देते व अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडाकडे येते. आता मात्र दिवसा रंध्रे उघडली, तर साठविलेले पाणी वाफ होऊन उडून जाईल. म्हणून खोड ती रात्रीच्या गारव्यात उघडते, वायू आत घेऊन आम्लाच्या रूपाने त्याची बेगमी करते आणि उजाडताच दारे लावून, आतल्या आत, त्या शिदोरीवर सूर्यप्रकाशात अन्न शिजविते. एकाच वनस्पतीच्या पानांची रीत एक व खोडाची दुसरी!

घाट उतरून कोकणात गेले, म्हणजे काळ्या दगडाच्या जागी तांबडा जांभा दगड लागतो आणि कड्यांच्या जागी 'सडा' म्हणजे कातळाचे विस्तीर्ण पठार. येथेही माती नावापुरतीच. पावसाच्या आरंभी तिच्यातील कंदांतून दीपकाडीची शुभ्र फुले वर येतात. पश्चिम किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर हे फूल आढळत नाही. पुढे सीतेची आसवे आणि दवबिंदू उगवतात. कातळावरील मातीत सत्त्व अल्प, म्हणून या दोन वनस्पती चिमुकले कीटक पकडून आपली उणीव भरून काढतात. कार्तिकापर्यंत हा सारा संसार आटोपतो. त्यानंतर सड्यावर येणाऱ्यास तेथे दगडच दिसतो, आणि मग 'ओसाड' हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघतो.

या शब्दानेच पुष्कळदा घात होतो. चिऱ्यांसाठी खाण काढताना कंदांसह सारा थर खरवडून निघतो, हे तर उघड आहे. परंतु सद्भावनेनेही हानी होते. उघडा माळ हिरवा करावा म्हणून उत्साही मंडळी कातळ फोडून खड्डे घेतात, बाहेरची माती भरतात आणि भरभर वाढणारी रोपे लावतात. पुष्कळ रोपे वैशाखाच्या आतच वाळतात. जी जगतात, त्यांची सावली पडते व पालापाचोळा साचतो. आणि लख्ख उन्हाची व सत्त्वहीन मातीची सवय असलेल्या दवबिंदूसारख्या वनस्पतींना तेथे राहणे अशक्य होते.

शिवसुमनाच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. त्याच्या खोडाचा तुकडा लावला की तो सहज मुळे धरतो. परदेशांतील हौशी लोकही त्याला कुंडीत वाढवितात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशी रोपे तयार करून ती कड्यांवर पुन्हा लावण्याचे प्रयत्न केले आहेत. तेथे कुंडी नाही की पाणी घालणारा माळी नाही. पहिला उन्हाळा त्या रोपांना आपल्याच खोडातील पाण्यावर काढावा लागतो.