कुलूप कुठे आहे, हे विचारायचं कुणाला?

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. वेलांटी पहिली की दुसरी, यावर मी अजून रूममेटला हाक मारते. तरी हा लेख मराठीतच लिहायचा हट्ट धरला, कारण सेमिनारमध्ये हाच विषय मी इंग्लिशमध्ये फाडफाड बोलले आणि एका प्रश्नावर आडवी झाले.

आधी थोडी पार्श्वभूमी. फर्स्ट इयरच्या मुलामुलींसाठी आम्ही तिघींनी तक्रारीचा एक फॉर्म बनवला होता. रॅगिंग, होस्टेल, मेस, काहीही. तो डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ही माहिती आमच्याशिवाय कोणीही वाचू शकत नाही." सेमिनारला सरांनी एवढंच विचारलं, "अगं, तुझ्या मशीनच्या खाली कोण बसलंय?"

खाली बसलेला असतो हायपरवायझर. त्याला आपल्या रेक्टर मॅडम समजा. खोली तुमची, कुलूप तुमचं, पण डुप्लिकेट किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे! व्हर्च्युअल मशीनची सगळी मेमरी हायपरवायझरला सरळ वाचता येते. पासवर्ड, तक्रारी, सगळं. डिस्क एन्क्रिप्ट केली तरी उपयोग नाही, कारण काम चालू असताना डेटा रॅममध्ये उघडाच असतो.

यावर एएमडी कंपनीने २०१६ मध्ये एक तोडगा मांडला आणि २०१७ च्या एपिक प्रोसेसरमध्ये तो आणला. नाव सिक्युअर एन्क्रिप्टेड व्हर्च्युअलायझेशन, थोडक्यात एसईव्ही. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला वेगळी एईएस किल्ली. ती किल्ली प्रोसेसरच्या आतला एक छोटा स्वतंत्र सिक्युअर प्रोसेसर बनवतो आणि हायपरवायझरला दाखवतच नाही. मेमरीत जाताना डेटा एन्क्रिप्ट, आत येताना डिक्रिप्ट. पहिल्या पिढीत एका वेळी अशी फक्त १५ मशीन चालायची, दुसऱ्या पिढीत ५०९. लिनक्समध्ये गेस्टच्या, म्हणजे आतल्या मशीनच्या बाजूचा सपोर्ट ४.१५ मध्ये (जानेवारी २०१८) आला आणि केव्हीएमच्या बाजूचा ४.१६ मध्ये, त्याच वर्षी एप्रिलला.

आता खरी गंमत. हार्डवेअरने सोय दिली, पण कर्नलला बूट होताना ती चालू करून घ्यावी लागते. कुठलं पान एन्क्रिप्टेड आणि कुठलं उघडं, हे पेज टेबलच्या नोंदीतला एक बिट ठरवतो. त्याला सी-बिट म्हणतात. तो कितवा? पहिल्या एपिकवर ४७ वा, तिसऱ्या पिढीत ५१ वा. म्हणजे कर्नलने जागा गृहीत धरून चालत नाही, विचारावी लागते. आणि तीही अगदी सुरुवातीला, कारण स्वतःची पेज टेबलं बांधण्याआधीच हा बिट माहीत हवा. अजून धड काही उभं नाही, कन्सोल नाही, आणि पहिला प्रश्न हा!

विचारायचं कसं? सीपीयूआयडी नावाची इन्स्ट्रक्शन आहे. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये तिचं उत्तर देतो कोण? हायपरवायझर! ज्याच्यापासून लपायचं त्यालाच विचारायचं, "बाबा, माझं कुलूप कुठे आहे?" तो मुद्दाम चुकीचा बिट सांगेल, कर्नल बिचारा भलत्याच जागी बिट लावेल, आणि सगळी पानं उघडी.

इथेच मी आडवी झाले होते. नंतर कर्नलचा सोर्स उघडून बसले, तेव्हा दोन उत्तरं सापडली. पहिलं, एसईव्ही चालू आहे की नाही हे सांगणारं एक वेगळं रजिस्टर आहे. गेस्टने ते वाचताना हायपरवायझरला मध्ये पडता येत नाही. दुसरं उत्तर मला फार आवडलं. पेजिंग बंद असताना एसईव्ही मशीनची सगळी मेमरी आपोआप एन्क्रिप्टेडच असते. म्हणून ३२ बिट मोडमधून सुरू होणारा कर्नल काय करतो, तर एक रँडम आकडा घेतो, मेमरीत लिहितो आणि रजिस्टरमध्येही जपून ठेवतो. मग पेजिंग चालू करतो आणि तोच आकडा मेमरीतून पुन्हा वाचतो. सी-बिट बरोबर असेल तर दोन्ही जुळतात. खोटा असेल तर मेमरी उघडी वाचली जाते, हातात एन्क्रिप्टेड कचरा येतो, आणि कर्नल तिथेच थांबतो. पुढे एक पाऊल नाही. (आपण व्हायवाला असं थांबलो तर चालत नाही, कर्नलला चालतं.)

बाकीचं पटकन सांगते. नेटवर्क आणि डिस्कसाठी थोडी मेमरी उघडी ठेवावीच लागते, कारण हायपरवायझर त्यातूनच डेटा उचलतो. त्यासाठी बाऊन्स बफर असतात. डेटा आधी तिथे कॉपी करायचा, मग बाहेर. लिनक्स ५.११ पासून एसईव्ही मशीनमध्ये साधारण ६ टक्के मेमरी यासाठी बाजूला ठेवतात, जास्तीत जास्त एक जीबी. वेग थोडा जातो, इलाज नाही.

आणि हो, एवढं करूनही पहिली एसईव्ही अभेद्य नव्हती. २०१८ मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर एआयएसईसी संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की हायपरवायझरला पान वाचता आलं नाही तरी पानांची अदलाबदल करता येते. मशीनमधला वेब सर्व्हर नेहमीचं पान पाठवायला गेला की त्याच्या जागी दुसरंच, गुप्त पान डिक्रिप्ट होऊन बाहेर! वेब सर्व्हर... म्हणजे आमच्या फॉर्मसारखंच काहीतरी. हे वाचून त्या रात्री मी मॅगीसुद्धा अर्धी टाकली. ही अदलाबदल रोखणारी पुढची आवृत्ती म्हणजे एसईव्ही-एसएनपी. तिचा गेस्ट सपोर्ट लिनक्स ५.१९ मध्ये (२०२२) आला, आणि केव्हीएमचा थेट ६.११ मध्ये, २०२४ साली. तिच्यात सीपीयूआयडीची उत्तरंसुद्धा सिक्युअर प्रोसेसर तपासून देतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या मशीनचा बूट लॉग काढला. मेमरी एन्क्रिप्शन चालू असल्याची ओळ शोधली. नाही. सर्व्हर जुना, त्यात ही सोयच नाही. म्हणजे सर्व्हर सांभाळणारा कोणीही, मनात आणलं तर, त्या पोरांच्या तक्रारी नावांसकट वाचू शकत होता. कोणी वाचल्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण मी शब्द दिला होता, आणि तो द्यायचा मला अधिकारच नव्हता.

त्याच रात्री फॉर्मवरचं वाक्य बदललं. आता तिथे आहे, "सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती हे वाचू शकते. नाव लिहायचं की नाही, तुम्ही ठरवा." ज्यांनी आधी नावं लिहिली होती, त्या चौघांना जाऊन सांगितलं आणि त्यांच्यासमोर नोंदी पुसल्या. एक जण काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. पुढच्या आठवड्यात एकच तक्रार आली. मेसच्या डाळीची, बिननावाची.