माणसं सुटली, पण कागद घेतला का?

वीटभट्टीवरून माणसं सोडवली की टेम्पोत घालून घरी आणायची घाई करू नका. आधी मुक्तता प्रमाणपत्र मागा. तलासरीच्या पाड्यावरून हे कळकळीनं सांगतोय, कारण माझा थोरला भाऊ त्यातून गेलाय.

दादानं लग्नाच्या खर्चासाठी मुकादमाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, घेतला होता. दिवाळी झाली आणि दादा-वहिनी भट्टीवर गेले. आठवड्याला हातात पडायची ती फक्त खर्ची. किती हजार विटा पाडल्या त्याचा हिशेब शेठच्या वहीत, आणि ती वही कधी दाखवलीच नाही. वहिनी आजारी पडली, दोघं घरी निघाले, तर "बयाणा फेडा, मग जा" म्हणत अडवलं. फोनही काढून घेतला. आम्ही पोलिसांत गेलो, तर हा उसनवारीचा वाद आहे म्हणून परत पाठवलं.

तो वाद नव्हताच. उचल देऊन माणसाला दुसरीकडे जाऊ न देणं म्हणजे वेठबिगारी, आणि 1976 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. त्याच कायद्यानं असं कर्ज रद्द होतं. ते वेठबिगारीचं नाही, हे मालकानं सिद्ध करायचं असतं. आपल्या भागात लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 च्या झरीच्या सभेपासून वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं लढून ती प्रथा मोडली. आज जमीनदाराच्या जागी मुकादम आहे, एवढंच.

एका संघटनेतल्या ताईंनी आमच्याकडून भट्टी ज्या तालुक्यात होती तिथल्या तहसीलदारांना लेखी अर्ज करवला. तुम्हीही अर्जात मुकादमाचं नाव, गाडीचा नंबर, भट्टीचं ठिकाण, बयाण्याची रक्कम, सोबतची मुलं, सगळं लिहा आणि पोच घ्या. जबाब घेताना मुकादम जवळ नको, हे ठणकावून सांगा. दादा आधी त्याच्याकडे बघूनच गप्प बसला होता. फसवून किंवा धाकानं नेलं असेल तर गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम 143, म्हणजे मानवी तस्करीचं कलम, लावायला सांगा. 'राजीखुशीनं आले होते' हा बचाव तिथे चालत नाही.

अशीच फसवणूक पोरींचीही होते. पोरीला कंपनीत काम देतो, चांगलं स्थळ आहे, असं सांगून कुणी एकटीला नेत असेल तर ती निघायच्या आतच 1098 या बालमदत क्रमांकाला फोन करा. नेली असेल तर 112.

मुक्तता प्रमाणपत्र प्रांत किंवा जिल्हाधिकारी देतात. त्यावर 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळते. तिला खटल्याच्या निकालाची अट नाही. पुढची रक्कम पुरुषाला 1 लाख, बाई किंवा मुलाला 2 लाख, अतिशोषण झालं असेल तर 3 लाख, पण ती दोष सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. सुटकेनंतर आमच्या अंगणात मुकादम पुन्हा वसुलीला आला तेव्हा दादानं त्या कागदाची झेरॉक्स त्याच्यासमोर धरली. खटला अजून चालू आहे, आणि दर तारखेला दादासोबत आमच्यापैकी कुणीतरी जातंच.