सर्व्हरचं अपग्रेड आणि घरातलं नेट

घरच्या सर्व्हरचं अपग्रेड गुरुवारी काढू नका. पुण्यात तो महावितरणच्या दुरुस्तीचा वार. अर्धी पॅकेजं बदललेली असताना लाइट गेली, तर छोटा यूपीएस किती पुरणार?

खडकीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जुन्या ऑफिस पीसीवर प्रॉक्समॉक्स चालतं, म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली. त्यावर पाय-होल (घरचा डीएनएस), होम असिस्टंट आणि घरच्या फोटोंचं नेक्स्टक्लाउड. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांची तशीच प्रणाली, फुकटचं ईएसएक्सआय, बंद केलं, तेव्हा बरीच हौशी मंडळी इकडे आली. पुढच्या वर्षी ते परत फुकट झालं, पण तोवर लोकांनी बिऱ्हाड हलवलं होतं.

प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती 8 वरून 9 वर जाणं म्हणजे खालचं डेबियन 12 वरून 13 होणं. माझं अपग्रेड सुरळीत झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि नेटवर्कवर दिसेनाच. नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं. व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा ब्रिज मात्र जुन्याच नावाला चिकटून बसलेला. घरात एचडीएमआयचा पडदा एकच, हॉलमधला टीव्ही, आणि आईची मालिका ऐन रंगात. पाय-होलही त्याच मशीनवर, म्हणून डीएनएस बंद. बायको आतून विचारते, "नेट गेलंय का?" नेट होतं हो, पत्ता सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून आधी डीएनएसची सोय बघा. राउटरच्या डीएचसीपीत दुसरा डीएनएस आदल्या दिवशीच घाला. ऐन वेळी बदललात तर लीज संपेपर्यंत फोन जुनाच पत्ता धरून बसतात. कार्डाचं नाव पक्कं करायला आवृत्ती 9 मध्ये पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग हे साधन आहे. तरीही मॉनिटर आणि कीबोर्ड हाताशी हवेतच.

ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा सेवा जुन्या लॅपटॉपवर बॅकअपमधून रिस्टोअर करून चालू करा. त्यातच बॅकअप खरा आहे की नुसती फाइल, हेही कळतं. मात्र मूळ मशीनवरची तीच सेवा आधी थांबवा, नाहीतर एकच आयपी दोघांकडे. यासाठी दोन मशीनचा क्लस्टर करायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर करू नका. एक बंद पडलं की कोरम, म्हणजे क्लस्टरचं बहुमत, जातो, आणि उरलेलं मशीन नवं व्हीएम सुरूच करू देत नाही.

प्रत्यक्ष कामाआधी पीव्हीई-एट-टू-नाइन ही तपासणी 'फुल' या पर्यायासह चालवा. ती सिस्टमडी-बूट पॅकेज काढायला सांगत असेल तर मुकाट्याने ऐका, नाहीतर रीस्टार्टनंतर मशीन उठेलच याचा भरवसा नाही. साध्या अपग्रेडवर थांबू नका, डिस्ट-अपग्रेडच द्या. तेही टीमक्समध्ये, म्हणजे एसएसएच तुटलं तरी काम तुटत नाही. वेब कन्सोलमधून तर नकोच.

आणि घाई कसली? आवृत्ती 8 ला ऑगस्ट 2026 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. डिस्कवर झेडएफएस असेल, तर सगळं स्थिरावल्यावर ते "पूल अपग्रेड करा" असं सुचवील. ते महिनाभर तरी टाळा; नवी वैशिष्ट्यं एकदा चालू केलीत, की जुन्या आवृत्तीला तो पूल वाचता येईलच असं नाही.