चंदेरी : किल्ला आणि माग

माळवा व बुंदेलखंड यांच्या सीमेवरील चंदेरी इतिहासग्रंथांत भेटते ती लढायांच्या निमित्ताने. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने मेदिनीरायाकडून हा किल्ला जिंकला. आत जोहार झाला. पुढे बुंदेले आले, नंतर शिंदे आले. या नामावळीत विणकर कोठेच नाही. वस्तुतः गावाचे नाव दूरवर नेले ते त्याच्याच लुगड्याने. आमच्या आज्यांच्या वाट्याला ते आले नाही, ही गोष्ट वेगळी.

येथील विणकर अन्सारी मुसलमान आणि कोळी. हे कोळी मासेमार नव्हेत, पिढीजात विणणारे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले ते कबीरही विणकरच. जुन्या मागावर दोघे शेजारी बसत. एकाने धोटा टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा. मूळचे कापड निव्वळ सुती. रेशमी ताणा विसाव्या शतकात आला. त्या रेशमाचा नैसर्गिक चीक उकळून काढीत नाहीत, म्हणून कापडास ती पारदर्शक झळाळी येते.

२००५ साली चंदेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावरची नक्कल त्याच नावाने विकली जाते, आणि हातमागाच्या मजुरीला तिच्याच भावाशी झगडावे लागते.