चापाला सरोवराकाठचे परदेशी

जगाचा नकाशा समोर ठेवा आणि नाशिकवर बोट टेकवून ते सरळ पश्चिमेकडे नेत जा. अरबी समुद्र, अरबस्तानची वाळू, आफ्रिकेचे सहारा वाळवंट आणि अफाट अटलांटिक महासागर ओलांडल्यावर तुमचे बोट मेक्सिको देशात शिरेल. त्या देशाच्या पश्चिम भागात, जवळजवळ नाशिकच्याच अक्षांशावर, चापाला नावाचे सरोवर आहे. ते सुमारे ८० किलोमीटर लांब असून मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर म्हणून ओळखले जाते. खोली मात्र बेताचीच, सरासरी चार-पाच मीटर. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. त्यामुळे तेथे उन्हाळा भाजत नाही आणि हिवाळा गोठवीत नाही. पाऊस आपल्यासारखाच जूनमध्ये सुरू होतो व ऑक्टोबरात ओसरतो.

या सरोवराच्या उत्तर काठावर चापाला हे नगर व आहीहीक हे कोळ्यांचे जुने गाव आहे. या गावांतून फिरताना स्पॅनिश भाषेइतकीच इंग्रजीही कानी पडते. याचे कारण असे की, अमेरिकेतील संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांतील हजारो लोक येथे येऊन राहिले आहेत. त्यांत नोकरीतून निवृत्त झालेली वृद्ध माणसे पुष्कळ. आपल्या देशात ज्या निवृत्तिवेतनात कसाबसा निर्वाह होतो, त्याच पैशांत येथे बागेसह घर भाड्याने घेता येते, हे त्यांच्या येण्याचे साधे कारण. या रहिवाशांनी १९५५ मध्ये ‘लेक चापाला सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. काही जण बारा महिने राहतात. काही कॅनडाचे बर्फ चुकविण्यासाठी थंडीच्या आरंभी येतात व वसंतात परततात. गंमत अशी की, त्याच सुमारास उत्तर अमेरिकेतील पांढरे पाणकोळी पक्षीही थव्याथव्यांनी या सरोवरावर उतरतात. पक्ष्यांना मात्र परवाना लागत नाही!

माणसांना तो लागतो. परदेशी मनुष्याने आपल्या निवृत्तिवेतनाचा किंवा शिलकीचा पुरावा मेक्सिकोच्या वकिलातीत दाखवावयाचा. मग त्याला तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी मिळते. ती चार वर्षांपर्यंत चालते व त्यानंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. परवाना मिळाला तरी एक मर्यादा उरतेच. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील तेहतिसाव्या कलमाने परदेशी माणसांना देशाच्या राजकीय व्यवहारात भाग घेण्यास मनाई केली आहे. ज्या गावात वीस वर्षे काढली, तेथील निवडणुकीतही ही माणसे मत देऊ शकत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

नव्याने आलेल्या माणसाला आपण परक्या देशात आहोत याची जाणीव डोळ्यांपेक्षा कानांनी आधी होते. सकाळी घणघण घंटा वाजते. ती देवळाची समजावी, तर निघते कचऱ्याच्या गाडीची. मग गॅसच्या टाक्या विकणाऱ्या मोटारीचे गाणे गल्लीगल्लीतून घुमते. धार लावणारा कारागीर सुरी-कात्री घेऊन येण्याची हाक तोंडाने देत नाही. तो एक लहानशी पावरी वाजवितो. पिण्याचे पाणी नळाचे घेत नाहीत. वीस लिटरांच्या मोठ्या बाटल्या घेऊन माणूस दारी येतो व रिकामी बाटली नेऊन भरलेली ठेवतो. यांपैकी कोणता आवाज कोणाचा, हे न कळल्यामुळे नवख्या गृहिणीचा गॅस संपतो आणि कचरा घरात साठतो. शेजारीण हसते व शिकविते. शेजारधर्माचा आरंभ बहुधा असाच होतो.

भाषेचे तर विचारूच नका. स्पॅनिशमध्ये आपल्या ‘तू’ आणि ‘आपण’ यांसारखाच भेद आहे. इंग्रजीत तो नाही. त्यामुळे सत्तर वर्षांच्या फुलवाल्या आजीबाईंना एखादा परदेशी गृहस्थ बेधडक ‘तू’ म्हणून जातो. दुकानात शिरताच ‘ब्वेनोस दीआस’, म्हणजे ‘सुप्रभात’, म्हटल्यावाचून काही मागणे तेथे उद्धटपणाचे समजतात. खाणावळीत कोणी जेवीत असेल, तर जवळून जाणारा अनोळखी मनुष्यही ‘प्रोवेचो’ म्हणतो; म्हणजे ‘अन्न अंगी लागो’. आणखी एक शब्द आहे ‘आओरीता’. त्याचा अर्थ ‘आत्ता’. नळ दुरुस्त करणारा ‘आओरीता येतो’ म्हणाला, की परदेशी मनुष्य घड्याळ पाहत दारात उभा राहतो. ते ‘आत्ता’ पाच मिनिटांचे असेल किंवा परवाचे. असा ‘आत्ता’ आपल्याकडेही असल्यामुळे त्याचा अर्थ तुम्हांला अधिक समजावून सांगावयास नको.

भोजनाच्या बाबतीत मराठी मुलाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवितात, मग ते धुऊन वाटतात आणि त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या भाजतात. त्यांना तोर्तीया म्हणतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ एकजीव होते व मक्यातील पोषक द्रव्य अंगी लागते. ही युक्ती तेथील मूळच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी शोधून काढली. दुपारी तोर्तीयांच्या दुकानापुढे रांग लागते. त्या वजनावर विकल्या जातात व गरमच फडक्यात गुंडाळून घरी नेतात. मिरची, टोमॅटो, पेरू आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडूदेखील अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला आहे. नोव्हेंबरच्या आरंभी मेक्सिकोतील लोक आपल्या मृत आप्तांच्या स्मरणाचा सण पाळतात, तेव्हा थडग्यांवर याच झेंडूच्या राशी असतात.

या मक्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचणारा एक परदेशी मनुष्य महाराष्ट्रातला होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्धा येथे १८८४ मध्ये झाला. देशाच्या स्वातंत्र्यासाठी ते तरुणपणीच परदेशी गेले. ब्रिटिश राज्यात परतणे अशक्य झाल्यावर, १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य शेतकी शाळा चालविल्या. तेथील थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांनाच रंगविले आहे. १९५५ मध्ये ते भारतात परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. चापिंगो येथे २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. चापालाच्या काठी राहणारे निवृत्त लोक सुखासाठी आले आणि खानखोजे आले ते नाइलाजाने, हा भेद आहेच. पण परक्या मातीत रुजावयाचे कसे, हा प्रश्न दोघांचाही.

सरोवराकाठच्या गावांत या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. परदेशी रहिवाशांच्या गाऱ्हाण्यांपैकी काही हसण्यासारखी आहेत. आहीहीकचा ग्रामदेव संत आंद्रेस. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याची जत्रा नऊ दिवस चालते व पहाटे अंधारातच आकाशात बार उडविले जातात. कुत्री पलंगाखाली शिरतात, वृद्धांची झोप उडते आणि कोणी तरी तक्रार करतो. जुने परदेशी रहिवासी त्याला सांगतात, “तुम्ही येण्यापूर्वी शेकडो वर्षे गाव येथे आहे.” हे उत्तर मला योग्य वाटते.

परंतु गावकऱ्यांची गाऱ्हाणी हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. परदेशी लोक डॉलर मोजू लागल्यामुळे जागांच्या किमती वाढल्या. काही घरमालक भाडेही डॉलरांतच सांगतात. आजोबांच्या काळापासून गावाच्या मध्यभागी राहणाऱ्या कुटुंबातील नवविवाहित मुलाला तेथे खोली परवडत नाही. तो डोंगराच्या उतारावर किंवा शेजारच्या गावी बिऱ्हाड करतो. याच परदेशी लोकांमुळे गवंडी, माळी, सुतार, स्वयंपाकीण यांना काम मिळाले, हेही तितकेच खरे. एकाच घरातील बाप त्यांच्या बागेत काम करून चार पैसे मिळवितो आणि मुलगा त्यांच्यामुळे गावाबाहेर जातो. अशा वेळी कोणाचा पक्ष घ्यावा? मालक कितीही सज्जन असला, तरी त्याच्या सज्जनपणाने भाडे कमी होत नाही.

घरकामाच्या व्यवहारातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणे दर वर्षी २० डिसेंबरपूर्वी प्रत्येक कामगाराला निदान पंधरा दिवसांचा पगार अधिक द्यावा लागतो. तो घरी काम करणाऱ्या बाईलाही मिळतो. नवखे परदेशी लोक त्यास बक्षीस समजतात व आपल्या मर्जीने थोडेफार देतात. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखी ती देणाऱ्याच्या खुशीची गोष्ट नव्हे. तो तिचा हक्क आहे.

या दोन समाजांना जवळ आणण्याचे एक काम नील जेम्स नावाच्या अमेरिकन लेखिकेने केले. १९४० नंतरच्या दशकात त्या आहीहीक येथे राहावयास आल्या. त्या काळी गावातील मुलांना वाचावयास पुस्तके मिळत नसत. बाईंनी त्यांच्यासाठी लहानसे वाचनालय उघडले व जो वाचील त्याला चित्रे काढण्यासाठी कागद आणि रंग द्यावयाचे, असे ठरविले. कोळ्यांची व मजुरांची मुले त्या कागदांवर सरोवर, होड्या, डोंगर रंगवू लागली. त्यांतील काहींना पुढे चित्रकलेचे उच्च शिक्षण घेता आले. बाईंनी आपले घर आणि बाग त्या परदेशी रहिवाशांच्या संस्थेला देऊन टाकली. १९९४ मध्ये त्या वारल्या. गावच्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग पुढेही चालू राहिला.

आता सर्वांत मोठ्या चिंतेकडे वळू. ती आहे सरोवराच्या पाण्याची. लेर्मा नदी पाच राज्यांतून वाहत येऊन चापालाला मिळते. वाटेत तिच्यावर धरणे झाली, कालवे निघाले, कारखाने वाढले. त्यामुळे खाली येणारे पाणी घटले आणि आले ते मलिन झाले. शिवाय ग्वादालाहारा या मोठ्या नगराची तहान बव्हंशी याच सरोवरावर भागते. उथळ सरोवराचे पाणी थोडे घटले, तरी काठ फार दूर जातो. २००२ मध्ये साठा क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली उतरला. ज्यांनी लाटांचे दृश्य पाहावे म्हणून काठावर घरे घेतली होती, त्यांच्या खिडक्यांपुढे गवत वाढले आणि गुरे चरू लागली. कोळ्यांच्या होड्या कोरड्या भूमीवर पडून राहिल्या. परदेशी माणसाचे दृश्य गेले, पण कोळ्याची भाकरी गेली. ही दोन दुःखे एका तागडीत घालता येणार नाहीत.

त्यातच जलपर्णीचा उपद्रव. इंद्रायणी, पवना किंवा पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या मुलांना ही निळसर-जांभळ्या फुलांची वनस्पती ठाऊक असेल. दिसावयास सुंदर, पण तिचा गालिचा एकदा पसरला, की होडीला वाट मिळत नाही. चापालाच्या काठी ती उपसण्यासाठी गावकऱ्यांबरोबर परदेशी वृद्धही उतरतात.

कोणी म्हणेल, सरकारला जाब का विचारीत नाहीत? परदेशी लोकांपुढे ते तेहतिसावे कलम उभे असते. म्हणून ते पाण्याचे नमुने तपासण्यास हातभार लावतात, वर्गणी जमवितात. मोर्चे, सभा आणि वाटाघाटी मात्र मेक्सिकोच्या नागरिकांनीच करावयाच्या. अखेरीस २००३ व २००४ चे पावसाळे चांगले झाले व सरोवर पुष्कळसे भरले. नदीचे पाणी कोणी किती घ्यावे, याबाबत पाच राज्ये व मध्यवर्ती शासन यांच्यात २००४ मध्ये करारही झाला. तथापि चिंता मिटली असे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात सरोवर पुन्हा अर्ध्याहून खाली गेले होते.

यामुळे पावसाची वाट तेथे सारेच पाहतात. एप्रिल-मेच्या सुमारास झाडांवरून एक कर्कश किर्रकिर्र आवाज येऊ लागतो. इंग्रजी बोलणारे त्यास ‘पाऊसपक्षी’ म्हणतात. वास्तविक तो पक्षी नसून एक कीटक आहे. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तसा हा कीटक ओरडू लागल्यापासून सहा आठवड्यांनी पाऊस येतो, असा तेथील समज आहे. मग एके रात्री डोंगरामागे गडगडाट होतो, दगडी रस्त्यांतून लोंढे वाहतात आणि सकाळी चापालाच्या धक्क्यावर माणसे जमतात. सरोवर किती सेंटिमीटर चढले, याची मोजणी कोळी एका भाषेत करतात आणि छत्र्या घेतलेले म्हातारे दुसऱ्या भाषेत.