आधी रजिस्टर, मग सॉफ्टवेअर

चि. सोनूस,


खोली मिळाली, उजेड चांगला आहे, भाडंही आवाक्यातलं आहे, हे वाचून बरं वाटलं. आता तू विचारलं आहेस की स्टुडिओचा सगळा कारभार, म्हणजे चित्रं, गॅलऱ्या, पैसे, सामान, नीट चालवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं. माझं उत्तर तुला जुनाट वाटेल. स्टेशनरीच्या दुकानातून पुठ्ठा बांधणीचं चार क्वायरचं लांब रजिस्टर घेऊन ये. पूर्ण झालेलं प्रत्येक काम त्यात चढल्याशिवाय खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा एक नियम पाळलास तर बाकीच्या सोयी हळूहळू जमतील. तो पाळला नाहीस तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घे, पाच वर्षांनी आपलं कुठलं चित्र कुठे आहे हे तुला सांगता येणार नाही. नोंद करणं हा चित्र पुरं करण्यातलाच शेवटचा टप्पा आहे, असं माझं पक्कं मत आहे. ते का, हे जरा सविस्तर लिहिते.

यावर तरुण चित्रकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. वह्या भरायला लागलं की हात आखडतो, हिशेबी डोकं रंगांच्या कामाचं नाही, असं ते म्हणतात. कामाची तंद्री मोडते हे खरं आहे, म्हणून हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण पॉल क्लेकडे बघ. लहान मुलाच्या मोकळेपणाने रेषा सोडणारा हा चित्रकार. त्याने १९११ मध्ये स्वतःच्या कामांची हस्तलिखित यादी सुरू केली, मागे जाऊन आपली बालपणीची चित्रंही तीत घेतली आणि पुढे आयुष्यभर ती चालवली. त्याच्या कामांची संख्या नऊ हजारांवर जाते. त्याची पद्धत अगदी सोपी होती: आधी साल, मग त्या सालातला अनुक्रमांक. 'आंगेलुस नोव्हुस' हे त्याचं गाजलेलं चित्र त्याच्या यादीत १९२० सालचं ३२ क्रमांकाचं आहे. कागदावरची कामं तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि खाली शीर्षकाबरोबर तोच आकडा लिहायचा. पुढे काही कामांवर रोमन आकड्यांत किमतीचा वर्गही पडू लागला, आणि जी कामं विकायची नाहीत त्यांच्यासाठी त्याने एक खास वर्ग ठेवला. या शेवटच्या गोष्टीपाशी थोडी थांब. कुठली चित्रं हातची जाऊ द्यायची नाहीत, हे ठरवायला आपलं सगळं काम एका ठिकाणी ओळीने दिसावं लागतं. तो निर्णय कलेचा आहे आणि तो घेण्याचं साधन यादी आहे. एवढ्या नोंदी करून क्लेचा हात आखडला असं त्याची चित्रं बघून कोणी म्हणणार नाही.

त्याच्याही पावणेतीनशे वर्षं आधी रोममध्ये चित्रकार क्लोद लोरँने हेच केलं. १६३५च्या सुमारास त्याने एक वही घातली आणि स्टुडिओतून जाणाऱ्या चित्राचं रेखाटन तीत करून ठेवण्याचा परिपाठ १६८२ मध्ये मरेपर्यंत चालू ठेवला. रेखाटनांच्या मागे चित्र कोणासाठी केलं, कुठल्या गावी गेलं, हेही तो लिहायचा. त्याच्या नावावर खोटी निसर्गचित्रं खपवली जात होती म्हणून त्याने ही वही केली, असं त्याचा चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो. जवळजवळ दोनशे रेखाटनांचा तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या चित्रांचा खरेखोटेपणा तपासताना अभ्यासक अजून तो उघडतात.

नोंदीत काय असावं याचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना एडवर्ड आणि जोसेफीन (जो) हॉपर या अमेरिकन जोडप्याच्या खतावण्यांत आहे. पानाच्या वरच्या भागात एडवर्डने स्वतः काढलेलं त्या चित्राचं छोटं रेखाटन, आणि खाली जोच्या अक्षरात तपशील. 'नाइटहॉक्स'च्या पानावर चेरीच्या लाकडाचा काउंटर, मागच्या धातूच्या टाक्यांवर पडलेला उजेड, हिरव्या फरशांचा पट्टा असं सगळं तिने टिपलं आहे. चित्र १९४२ च्या जानेवारीत पुरं झालं आणि काही महिन्यांतच शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते ३,००० डॉलरला घेतलं, त्याचीही नोंद आहे. हॉपरच्या गॅलरीचं कमिशन एक तृतीयांश असायचं, ते वजा होऊन हाती काय आलं तेही या वह्यांत सापडतं. कित्येक पानांवर कॅनव्हास कुठला, रंग कुठल्या कंपनीचे, हे आहे. जो स्वतः चित्रकार होती आणि तिचा केवढा वेळ या वह्यांत गेला याचा विचार केला की वाईट वाटतं. तुझ्या रजिस्टरसाठी तू दुसऱ्या कोणावर विसंबू नकोस.

आता तुझ्या पानाकडे येते. डावीकडे क्लेच्या पद्धतीने क्रमांक: २०२५/१४. मग शीर्षक, माध्यम, कशावर केलं आहे, आणि माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी; हा क्रम कधी उलटा करू नकोस, नाहीतर आडवं चित्र कागदोपत्री उभं होतं. शीर्षकावर भिस्त ठेवू नकोस. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकारांची असंख्य चित्रं 'अनटायटल्ड' आहेत. वासुदेव गायतोंडे यांचंच घे. त्यांची चित्रं नावाने एकमेकांपासून वेगळी करताच येत नाहीत. ती ओळखायची ती मापावरून, सालावरून आणि पाठीवरच्या मजकुरावरून, कारण सही आणि साल ते बहुधा कॅनव्हासच्या मागे, देवनागरीतही, घालत. म्हणून रजिस्टरातला क्रमांक चित्राच्या मागेही गेलाच पाहिजे. तो स्ट्रेचरच्या लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीने लिही. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर चालवू नकोस, शाई कालांतराने पुढे उतरू शकते. कागदावरच्या कामाला बॉलपेन लावू नकोस, त्याचा वळ समोरून दिसतो. आणि फोटोच्या फाइलचं नावही तोच क्रमांक. वही, चित्राची पाठ आणि फोटो या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असला की तुझी यंत्रणा उभी राहिली.

सामानाचा रकाना बहुतेक जण गाळतात, तो तू गाळू नकोस. व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्लमधल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र केलं. आज त्यातल्या भिंती निळ्या दिसतात. पत्रांत मात्र त्याने त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलं आहे. मिश्रणातला लाल उडून गेला आणि निळा उरला. त्याची पत्रं नसती तर रंगसंगतीचा त्याचा मूळ विचार कोणाच्या लक्षात यायला किती उशीर लागला असता! तुझ्या ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा नंबर छापलेला असतो. नुसतं 'क्रिमसन' न लिहिता तो नंबर लिही. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरिन, आणि तो उजेडात उडतो. त्याच नावाने विकला जाणारा दुसरा पिगमेंट टिकाऊ असू शकतो. वॉर्निश कधी केलं, कुठलं केलं, तेही लिही. तैलरंग हाताला सुकलेला लागला तरी आतून सुकायला सहा महिने ते वर्ष घेतो, आणि तारीख लिहिलेली नसेल तर घाई होतेच. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, म्हणून दर वर्षी गणपतीच्या सुमारास सगळे कप्पे उघडून बघायचे आणि जे दिसेल ते त्या त्या क्रमांकापुढे लिहायचं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तू तो बोलून दाखवला नसलास तरी मनात असेल: अजून माझी चित्रं फारशी विकली जात नाहीत, कोण विचारणार आहे? याला उत्तर पुन्हा व्हॅन गॉगच आहे. १८९० च्या जुलैत तो गेला, सहा महिन्यांत भाऊ थिओ गेला, आणि थिओची तरुण पत्नी जो हिच्याकडे तान्हं मूल आणि शेकडो चित्रं राहिली. थिओने सांभाळलेली पत्रं हाताशी होती आणि जोने विक्रीचा हिशोब वहीत ठेवला, म्हणून आज बरीच चित्रं तिच्या घरापासून पुढे माग काढत ओळखता येतात. तरीही जिथे नोंद अपुरी होती तिथे चोर शिरला. बर्लिनच्या ओटो वॅकर नावाच्या विक्रेत्याने नाव न सांगता येणाऱ्या एका रशियन मालकाची कथा रचून सुमारे तीस बनावट व्हॅन गॉग बाजारात आणले, आणि १९२८ मध्ये निघालेल्या द ला फाय यांच्या अधिकृत सूचीत ते शिरलेसुद्धा. प्रकरण १९३२ मध्ये कोर्टात उभं राहिलं, मोठमोठे तज्ज्ञ परस्परविरोधी साक्षी देत राहिले. चित्रकाराची स्वतःची क्रमवार यादी असती तर ही कथा पहिल्याच दिवशी कोसळली असती. विक्री सुरू झाल्यावर मागची दहा वर्षं आठवून लिहिणं कोणालाच जमत नाही. आज कोणी विचारत नाही तोवरच लिहिणं सोपं आहे.

गॅलरी हिशोब ठेवतेच की, असंही म्हणशील. ठेवते, पण तिचा. गॅलऱ्या बंद पडतात, जागा बदलतात, माणसं बदलतात. काम गॅलरीकडे जाताना दोन प्रतींत चलन कर: क्रमांक, माप, फोटो, तुझी किंमत, कमिशन किती (एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत काहीही असतं), किती दिवसांसाठी, आणि चित्र खराब झालं तर जबाबदारी कोणाची. एका प्रतीवर त्यांची सही घेऊन ती रजिस्टरात अडकव. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, चांगल्या गॅलऱ्यांना हे आवडतंच.

कायदाही कागद मागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी कॉपीराइट तुझ्याकडेच राहतो, आणि तो द्यायचा झाला तर लेखी द्यावा लागतो. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे. कोणी मोबदला देऊन तुझ्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला कॉपीराइट करून घेणाऱ्याचा होतो. म्हणून ऑर्डरच्या कामात ब्रश उचलण्याआधी एक पानी करार हवा. कलम ५३ अ मध्ये मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूद आहे, पण तिथेही पहिला कॉपीराइट त्याचा असावा लागतो, आणि चित्र कोणाकडे आहे हेच ठाऊक नसेल तर वाटा मागणार कोणाकडे? नुकसानीची दाद मागतानाही नोंद लागते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं, त्याची मोडतोड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. कामाचं काय बिघडलं हे सांगायचं तर आधी ते कसं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

राहिला तुझा मूळ प्रश्न. फोनमध्ये फोटो आहेत ही नोंद नव्हे. फोटोला माप नसतं, घेणाऱ्याचं नाव नसतं. सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. शेदोनशे कामं झाली की शोधाशोधीला साधी एक्सेलची फाइल फार उपयोगी पडते, रकाने रजिस्टरातलेच ठेव. महिन्याची वर्गणी घेणारं खास सॉफ्टवेअर घेणार असशील तर एकच गोष्ट तपास: सगळा मजकूर सीएसव्हीमध्ये आणि फोटो मूळ आकारात बाहेर काढता येतात का? येत नसतील तर घेऊ नकोस, कंपनी बंद झाली की तुझी यादीही गेली. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक स्टुडिओच्या बाहेर. रजिस्टरच्या पानांचे फोटोही यात धर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तुझी खोली तळमजल्यावर आहे.

पैशांबद्दल थोडक्यात: चित्रांच्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं, प्रत्येक विक्रीला बिल आणि बिलावर चित्राचा क्रमांक, रंगांच्या आणि फ्रेमच्या पावत्या महिन्यावार पाकिटात. जीएसटी आणि आयकराचे नियम बदलत असतात, ते सीएला विचार. त्याच्यासमोर रजिस्टर ठेवलंस की त्याचं निम्मं काम झालेलं असेल.

हे सगळं एका दिवसात करायला बसू नकोस, कंटाळून सोडून देशील. आज भिंतीला टेकवून ठेवलेली जी चित्रं आहेत, तेवढीच आधी मोजून, फोटो काढून चढव. कॉलेजच्या दिवसांतली कोणाकोणाकडे गेली आहेत त्यांची यादी नंतर कर, आणि त्या मंडळींकडून मापं आणि पाठीचे फोटो मागव. अजून सगळ्यांचे फोन नंबर तुझ्याकडे आहेत. पहिलं पान भरलं की त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी