‘३०+२०+१०’ म्हणजे हातात किती?

ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये नोकरी सरत आली, की तुकूमकडच्या नाहीतर चंद्रपूरच्या एखाद्या लेआउटमध्ये स्वतःचं घर उभं राहू लागतं. प्लास्टर झालं की इलेक्ट्रिशियन यादी देतो: दीड चौरस मिमीच्या वायरची इतकी बंडलं, अडीचची इतकी, स्विच, एमसीबी. ती घेऊन दोन दुकानांत कोटेशन मागितलं, तेव्हा माझ्यासमोर दोन कागद आले. दोन्हींत कंपनीच्या रेट लिस्टप्रमाणे माल ४०,००० रुपयांचा. चंद्रपूरच्या दुकानदाराने लिहिलं होतं ‘३०+२०+१०’. नागपूरच्या कागदावर ‘सरसकट ५०’.

घरात सगळ्यांनी बेरीज केली आणि साठ टक्केवाला पक्का केला. चूक तिथेच होते. दुसरी सूट मूळ किमतीवर नसते, पहिली वजा जाऊन उरलेल्या रकमेवर असते. ४०,००० चे ३० टक्के गेले, उरले २८,०००. त्याचे २० टक्के गेले, २२,४००. त्याचे १० टक्के गेले, २०,१६०. म्हणजे सूट ४९.६ टक्केच, आणि सरसकट ५० वाला १६० रुपयांनी स्वस्त.

मोबाइलवर हे एका ओळीत होतं. सूट किती यापेक्षा उरतं किती ते धरा आणि गुणा: ०.७ × ०.८ × ०.९ = ०.५०४. सुटींचा क्रम बदलला तरी उत्तर तेच. याच हिशेबाने ‘४०+१०’ हे सरसकट ४५ पेक्षा बरं, कारण ०.६ × ०.९ = ०.५४, सूट ४६ टक्के.

आता जीएसटी. वायर, स्विचवर तो १८ टक्के. बिलातच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर तो लागतो: २०,१६० वर ३,६२८.८०, एकूण २३,७८८.८०. नागपूरचं एकूण २३,६००. फरक १८८.८० रुपयांचा. दीडेकशे किलोमीटरवरून माल आणण्याच्या भाड्यात तो कुठल्या कुठे जातो. मी माल चंद्रपुरातच घेतला.

खरं सांभाळायचं ते वेगळंच आहे: सूट कशावर? खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात. रेट लिस्टमध्ये बहुधा नसतात. ५,९०० एमआरपीच्या वस्तूवर ४० टक्के सूट म्हणजे ३,५४०, आणि विषय संपला. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले तर ४,१७७.२० होतात, ६३७.२० रुपये फुकट जातात. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘भाऊ, डिस्काउंट लिस्टवर की एमआरपीवर, आणि जीएसटी धरून की वेगळा?’ उत्तर कोटेशनवरच लिहून घ्या.

कच्च्या चिठ्ठीवर ‘जीएसटी वाचतो’ म्हणतात. ऐकू नका. वायर सदोष निघाली तर हातात पक्कं बिल लागतं, आणि त्यात लिस्टचा दर, सूट, करपात्र रक्कम, जीएसटी असं वेगवेगळं हवं. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

वायर नेहमी एखादं बंडल जास्तच येते. न फोडलेलं परत घेणार का, हे पैसे देण्याआधीच ठरवा, आणि दरही. ३,००० लिस्टचं बंडल याच सुटीने आपल्याला जीएसटीसह १,७८४.१६ ला पडलं, तर परतही तेवढेच मागा.